न आलेला वारा

"जाता आलं असतं," मकरंद म्हणाला. ताम्हिणीचा घाट चढून आल्यावर रस्त्याच्या कडेच्या एका टपरीवर आम्ही चहासाठी थांबलो होतो. डिसेंबरातला रविवार मावळत होता. दोन्ही गाड्यांच्या टपांवर बांधलेल्या कयाकांना, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्यांना, अजून अंजर्ल्याची वाळू चिकटलेली होती आणि घाटमाथ्यावरचा गारठा आमच्या खारट, अर्धवट वाळलेल्या कपड्यांतून आत शिरत होता. मकरंदने ग्लास दोन्ही तळव्यांत धरला होता आणि हे वाक्य तो त्या ग्लासाकडे पाहतच बोलला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, चिडही नव्हती. शैलेशने ते ऐकले, अनघाने ऐकले, मी ऐकले. शैलेशने चहा संपवला, पैसे दिले, "मागची पट्टी थोडी सैल झालीये, आवळून घेतो," असे म्हणून तो गाडीकडे गेला. तेथून चांदणी चौकापर्यंत तो विषय कोणीही काढला नाही. गाडीत गाणी लागली, मुळशीच्या काठाने काळोख झाला, पिरंगुटला नेहमीची कोंडी भेटली. पण त्या तीन शब्दांनी पुढे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही. सिग्नलला उभी असताना, कार्यालयात कोणाची तरी लांबलेली बैठक चालू असताना, रात्री दिवा मालवल्यावर ते वाक्य पुन्हा समोर येऊन उभे राही, आणि त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नसे.

कारण ते खरे होते.

आमचा बेत साधा होता. अंजर्ल्याच्या पुळणीवरून पहाटे कयाक पाण्यात घालायच्या, किनारा डावीकडे ठेवत दक्षिणेला सुवर्णदुर्गापर्यंत जायचे, किल्ल्याला पश्चिमेच्या बाजूने पूर्ण वळसा घालायचा आणि परत यायचे. हर्णैहून होडीने किल्ल्यावर जाणारी माणसे पूर्वेच्या अंगाला उतरतात. बुरुजाआड लपलेला महादरवाजा, पायरीवर कोरलेले कासव, भिंतीवरचा मारुती एवढे पाहून, आतल्या झाडीतून एक फेरी मारून ती परततात. मीही लहानपणी आईवडिलांबरोबर ते सारे पाहिले आहे. पण त्या किल्ल्याची खरी छाती पश्चिमेला आहे. तिकडे पुळण नाही, धक्का नाही, थेट खडकांतून उठलेला तट आणि समुद्राच्या बाजूला उघडणारा चोरदरवाजा. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उभे राहिले की दक्षिणेला किल्ला दिसतो, हर्णैच्या कनकदुर्गावरच्या दीपगृहाजवळूनही दिसतो, पण दोन्हीकडून दिसतो तो जमिनीकडे तोंड केलेला किल्ला. त्याची दुसरी बाजू बघायची तर पाण्यातूनच जावे लागते, आणि ती भिंतीच्या जवळून, आपल्या हातांनी वल्हवत, शांतपणे बघावी ही इच्छा माझ्या मनात फार वर्षांपासून होती. त्या सकाळी त्या भिंतीचा कोपरा माझ्यापासून एका हाकेच्या अंतरावर होता.

तयारी मात्र आम्ही मनापासून केली होती. शैलेशला पाण्याची ओढ जुनी. तो कॉलेजात असताना मुळा नदीवरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर पडीक असे. तो क्लब १९२८ सालचा आहे, आणि योगायोग असा की हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले तेही १९२८ सालीच. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. समुद्रापासून इतक्या दूर, घाटाच्या माथ्यावर वसलेल्या आमच्या शहरात वाऱ्याचा हिशेब ठेवणारी माणसे आणि वल्ही मारणारी पोरे एकाच साली पाय रोवून उभी राहिली, ही गोष्ट मला फार आवडते. रिगाटाच्या, म्हणजे नदीवरच्या नौकांच्या सोहळ्याच्या, त्या दिवसांनंतर नदीचे जे झाले ते आपण सगळेच पुलावरून पाहतो. जलपर्णीने पाणी झाकते, वास येतो, आणि एकेकाळी तिथे सराव करणारा माणूस गाडीची काच वर करून पुढे जातो. शैलेशला त्याचे अजूनही वाईट वाटते. म्हणून आमचा सराव पवना जलाशयात झाला. थंडीच्या दिवसांत, सकाळच्या बोचऱ्या पाण्यात, त्याने आम्हाला आधी वल्हवायला शिकवले नाही, आधी उलटायला शिकवले. कंबरेभोवतीचे कापडी आच्छादन ओढून मोकळे करायचे, पाण्याखाली शांतपणे बाहेर निघायचे, कयाक सोडायची नाही, जोडीदाराने आपली कयाक आडवी आणून उलटलेल्या कयाकचे नाक स्वतःच्या अंगावर ओढून पाणी काढायचे आणि मग आपण पोटावर झोपून पुन्हा आत शिरायचे. हे सगळे हात बधिर असतानाही जमले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

तिथी त्याने निवडली. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी की तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. घड्याळाच्या काट्याशी ते तंतोतंत जुळत नाही, पण बेत आखायला पुरते. आम्ही मार्गशीर्षातली वद्य अष्टमी धरली. त्या दिवशी भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाहाला ओढ कमी. पहाटे सहाला पाणी भरलेले, त्यामुळे जड कयाका ओल्या वाळूतून लांबवर वाहून न्याव्या लागत नाहीत. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाजही त्याने पाहून ठेवला होता. आणि आदल्या रात्री, अंजर्ल्यात जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी वाढलेल्या बांगड्याच्या कालवणावर ताव मारून झाल्यावर, ओटीवर बसून त्याने एक गोष्ट सगळ्यांकडून कबूल करून घेतली. साडेनऊ वाजले की जिथे असू तिथून मागे वळायचे. "कुठेही असू," तो दोनदा म्हणाला. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. पोट भरलेले असताना, कंदिलाच्या उजेडात, कोरड्या जमिनीवर माणूस अशा गोष्टींना सहज होकार देतो.

या साडेनऊमागचे कारण शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे, फक्त ते अंगावर येईपर्यंत कळत नाही. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. हा वारा कोरडा असतो, गार असतो, त्याला सुक्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो, आणि किनाऱ्यालगतचे पाणी तो असे गुळगुळीत करून ठेवतो की कोणालाही त्यात शिरावेसे वाटावे. दिवस वर आला की जमीन तापते, मतलई पडते, मध्ये थोडा वेळ काहीच हलत नाही, आणि मग वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. ते कधी साडेदहाला येतात, कधी दुपारी एकला. आले की अर्ध्या तासात समुद्राचा नूर पालटतो. सुवर्णदुर्गाहून अंजर्ल्याला परतायचे म्हणजे उत्तरेला तोंड करून, वायव्येच्या वाऱ्याशी जवळजवळ समोरासमोर. आमच्यासारख्या माफक सराव असलेल्या माणसाचा वेग स्थिर पाण्यात तासाला पाच किलोमीटरच्या आसपास असतो. समोरून वारा लागला की तो निम्म्यावर येतो आणि वल्ह्याच्या वर असलेल्या पात्यालाच वारा मागे ढकलू लागतो. डोंगरात माणूस दमला तर दगडावर बसू शकतो. पाण्यावर बसून राहिलेला माणूस बसल्या जागी राहत नाही. पुण्यातल्या आम्हा भटक्यांना, ज्यांचे सगळे शिक्षण सह्याद्रीत झाले आहे, हा फरक बुद्धीला पटतो, पण स्नायूंना पटायला वेळ लागतो.

सकाळी निघायला उशीर झाला. अनघाच्या कयाकच्या सुकाणूची दोरी अडकली होती, ती सोडवण्यात बराच वेळ गेला. माथ्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता आणि पुळणीवर आमच्याखेरीज फक्त दोन कुत्री आणि सुरूच्या बनाच्या कडेने चालणारा एक कासवमित्र. त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात आणि ही मंडळी रोज पहाटे वाळूतल्या खुणा शोधत सगळा किनारा पायी तुडवतात. पुण्यात आदल्या सकाळी पारा १० अंशांच्या आसपास होता. इथे पाय पाण्यात घातला तर पाणी हवेपेक्षा उबदार लागले. पहिल्या दोन लाटा नाकावर फुटल्या, छातीवर पाणी आले, आणि तिसऱ्या लाटेनंतर एकदम सगळे शांत झाले.

कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंच असतात. त्या उंचीवरून क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवरच संपते. सिंहगडावरून हिवाळ्यात राजगड-तोरणा स्वच्छ पाहायची सवय असलेल्या नजरेला हे फार तोकडे वाटते, पण जे दिसते ते इतके जवळून दिसते की तक्रार राहत नाही. वल्ह्याचे पाते पाण्यात शिरताना त्याच्या कडेने दोन लहान भोवरे सुटतात आणि कयाकच्या अंगाला घासत मागे जातात. पाते बाहेर काढले की त्याच्या टोकावरून थेंबांची एक माळ पडते, आधी दाट, मग विरळ, आणि शेवटचा थेंब पडण्याच्या आत दुसरे पाते आत गेलेले असते. शैलेशने शिकवले होते की जोर हातांनी लावायचा नाही, धड वळवायचे, आणि पाते पावलांजवळ घालून कंबरेपाशी काढायचे. हे जमले की बोटे सैल पडतात आणि कानाला फक्त पाण्याचा आवाज उरतो. सूर्य डोंगरामागे होता. आम्ही किनाऱ्याच्या सावलीतच होतो, पण समोर पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याच्या तटावर ऊन आधी पोहोचले होते. जांभळट अंधारात पुढे एक सोनेरी पट्टी, आणि आम्ही तिच्याकडे चाललो होतो. कुरवांचा थवा पाण्यावर बसला होता, आम्ही जवळ जाताच तो एका बाजूने उचलला गेला आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा बसला. पाजपंढरीसमोर जाळ्यांच्या खुणेसाठी सोडलेले थर्माकोलचे तुकडे आणि प्लास्टिकचे डबे तरंगत होते. त्यांच्यामधून वाट काढताना वेळ गेला, पण कोणाच्या तरी दिवसभराच्या कमाईवरून वल्हे मारत जाणे शक्यच नव्हते. एका ठिकाणी अनघाने हात वर केला. तिच्या कयाकपासून दोन हातांवर एका कासवाने डोके बाहेर काढले होते. त्याने एक श्वास घेतला. तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला, माणसाच्या उसाशासारखा. मग ते खाली गेले. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो, ते पुन्हा वर येईल म्हणून.

किल्ला जवळ आला तसा तो उंच होत गेला. हर्णैचे बंदर डावीकडे जागे झाले होते, यंत्रांची घरघर आणि डिझेलचा वास पाण्यावरून येत होता. सुवर्णदुर्गाकडे पाण्यातून येताना पुणेकराच्या मनात अभिमान येतो आणि त्याच्यामागोमाग एक अस्वस्थताही येते, निदान माझ्या मनात येते. हा आंग्र्यांचा किल्ला. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने विल्यम जेम्सच्या हाताखाली तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तो पुण्याच्या पेशव्यांशी झालेल्या करारानुसार, आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजीने पेशव्यांना कमी त्रास दिला नव्हता, हे मान्य केले तरी मराठी गलबते जळत असताना त्यामागे आपल्याच शहरातला निर्णय होता, हे मला आजही सहन होत नाही. आणि १८०२ च्या हिवाळ्यात, २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी फौजा उधळल्यावर दुसरा बाजीराव पुणे सोडून महाडमार्गे याच किल्ल्याच्या आसऱ्याला आला, इथून समुद्रमार्गे वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. त्यानेही हा तट बहुधा होडीतून, खालून वर पाहिला असेल. घाटावरच्या माणसांनी समुद्राचे निर्णय घेतले तेव्हा काय झाले, याचा हा किल्ला साक्षीदार आहे. म्हणून असेल, पण त्याच्याजवळ जाताना मला आवाज करावासा वाटत नव्हता.

ईशान्येच्या कोपऱ्याशी आम्ही पोहोचलो. तटाच्या दगडांत उगवलेली झुडपे, खालच्या खडकांवरची कालवे, भरतीने सोडलेली ओली रेघ, सगळे दिसत होते. पश्चिमेच्या बाजूने पाण्याचा एक जड, संथ आवाज येत होता. बाहेरून येणारी लाट तटाखालच्या खडकांवर आपटून परत फिरते आणि पुढच्या लाटेला भेटते, तेव्हा पाणी कोणत्याच दिशेला न जाता जागच्या जागी वर उचलले जाते. त्या दिवशी ते उचलणे अगदी सौम्य होते. मला वाटते अर्ध्या-पाऊण तासात आम्ही वळसा पूर्ण केला असता. शैलेशने वल्हे दोन्ही हातांनी डोक्यावर आडवे धरले. थांबण्याची खूण. आम्ही तिघे त्याच्याभोवती गोळा झालो, एकमेकांच्या कयाकांच्या कडा धरल्या आणि एकच तराफा झाल्यासारखे हलत राहिलो.

"साडेनऊ," तो म्हणाला.

"अरे, हे काय, कोपरा तर आला," मकरंद म्हणाला. "समुद्र बघ की. पान हलत नाहीये."

"बघतोय मी."

"कोणी दमलंय का? मी नाही दमलो. अनघा, तू दमलीस?"

अनघाने मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिले. मी पश्चिमेच्या त्या आवाजाकडे पाहत होते. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी मकरंदच्या बाजूची होते, पूर्णपणे, पण मी काही बोलले नाही, कारण आदल्या रात्री ओटीवर मीही मान डोलावली होती. शैलेशने वाद घातला नाही. वाऱ्याबद्दल तो काही बोलला नाही, धोक्याची भीती घातली नाही. "काल ठरलंय," एवढेच म्हणून त्याने कयाकचे नाक उत्तरेला वळवले. क्षणभर आम्ही तिघे तिथेच राहिलो. मग अनघा वळली, मी वळले, आणि शेवटी माझ्या मागे मकरंदचे वल्हे जरा जास्त जोराने पाण्यात पडल्याचा आवाज आला.

वारा आलाच नाही.

मतलई पडली, समुद्र स्थिर झाला आणि तसाच राहिला. परतीच्या वाटेवर आम्ही एकही लाट अंगावर घेतली नाही. किनाऱ्याला लागलो तेव्हा पाणी बरेच मागे गेले होते. कयाका ओढत असताना जाळे घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि न सांगता माझ्या कयाकचे दुसरे टोक धरले. "गडावर उतरलात काय?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "नाही काका, जवळून मागे वळलो." "बरं," ते म्हणाले, आणि कयाक वाळूवर ठेवून पुन्हा जाळ्याकडे गेले. त्यांनी कारण विचारले नाही. जिथून रोज बोटी निघतात आणि कधी कधी अर्ध्यावरून परततात, तिथे मागे वळण्याला कारण सांगावे लागत नाही. आम्ही मात्र जेवायला बसलो तरी समुद्राकडे पाहत होतो. काकूंनी सोलकढी वाढली, तांदळाची भाकरी वाढली, मकरंदने दोनदा पडवीत जाऊन माडांच्या शेंड्यांकडे पाहिले. झावळ्या स्थिर होत्या. मीही पाहिले, आणि वारा यावा असे मला वाटले. आपला निर्णय बरोबर ठरावा म्हणून समुद्र खवळावा, जिथे त्या वेळी कितीतरी लोक पोटासाठी पाण्यावर होते, असे वाटणे मला मुळीच आवडले नाही, तरीही ते वाटले. दीडच्या सुमारास आम्ही निघालो. अनघाची पाण्याची बाटली तिथेच राहिली म्हणून तिने रात्री फोन केला, तेव्हा घरच्या काकांनी सांगितले की चारनंतर जरासा वारा आला, तोही नावाला. त्या दिवशी वरच्या थरात पातळ ढग होते आणि पूर्वेचे वारे नेहमीपेक्षा जोरात होते. असे असले की जमीन पुरेशी तापत नाही आणि खाऱ्या वाऱ्याला आत यायला उशीर होतो. हे मला नंतर वाचून कळले. तटाच्या कोपऱ्याशी ते चौघांपैकी कोणालाही माहीत नव्हते.

इथेच माझे मन अडकते. वारा आला असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. आम्ही ओल्या अंगाने, दमून, हसत किनाऱ्याला लागलो असतो, ताम्हिणीच्या टपरीवर मकरंदने शैलेशच्या पाठीवर थाप मारली असती, आणि पुढे प्रत्येक जेवणावळीत आम्ही तो वारा थोडा थोडा वाढवून सांगितला असता. वारा न आल्यामुळे शैलेशच्या हातात दाखवायला काहीच उरले नाही. टळलेले संकट कोणाला दिसत नाही, आणि न आलेले संकट तर टळले असेही म्हणता येत नाही. आम्हा भटक्या पुणेकरांत माथा गाठण्याला मोठा मान आहे. कुठला सुळका, कुठली वाट, किती तासांत, याच्या गप्पा शनिवार-रविवारी स्वारगेटच्या एसटीतही चालतात. अर्ध्यावरून परतलेल्यांच्या गोष्टी त्या मानाने कमी सांगितल्या जातात. त्या ऐकल्या त्या मी घरच्यांकडून ऐकल्या, म्हणजे ज्यांचा माणूस परत आला त्यांच्याकडून.

काही आठवड्यांनी शैलेशला मी सरळच विचारले. आम्ही संगमाजवळच्या पुलावर उभे होतो, खाली जलपर्णी होती, आणि तो नेहमीप्रमाणे नदीकडे पाहायचे टाळत होता. मी म्हणाले, "तुला तेव्हा वारा येणार असं वाटलं होतं का?" तो म्हणाला, "नाही. मला काहीच वाटलं नव्हतं. आपल्याला वाऱ्याचं काय कळणार? म्हणून तर घड्याळावर ठरवलं होतं." मग थोडा थांबून म्हणाला, "तिथे बसून मी परत विचार करायला लागलो असतो ना, तर मीही गेलो असतो. मलाही ती बाजू बघायचीय." हे मला माहीत नव्हते. त्यानेही ती बाजू पाहिलेली नाही, हे तो तिथे पाण्यावर बोलला नव्हता. त्याने त्याची वही मला दाखवली. प्रत्येक खेपेची तारीख, तिथी, निघण्याची वेळ आणि वारा केव्हा आला, अशी ती साधी वही आहे, ओलसरपणाने पाने फुगलेली. एका पानावर लिहिले होते, 'वारा पावणेअकरा. परत यायला तिप्पट वेळ. दोघांना ओढून आणले.' त्याच्या खाली, वेगळ्या शाईने, 'वारा दुपारी दोन.' अंजर्ल्याच्या नोंदीपुढे फक्त, 'वारा नाही.' कोठेही शेरा नाही, बरोबर-चूक नाही. त्या वहीतली वेळांची रांग पाहताना मला पहिल्यांदा नीट दिसले की त्याने आम्हाला त्या एका सकाळच्या समुद्रासाठी मागे वळवले नव्हते. या सगळ्या सकाळी एकत्र धरून त्याने साडेनऊ काढले होते, आणि त्यातली आपली सकाळ कोणती हे तटाच्या कोपऱ्याशी बसून ओळखता येत नव्हते. मकरंदचे वाक्य मात्र यामुळे खोटे ठरत नाही. त्या दिवशी जाता आलेच असते. दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी आहेत. शैलेशबद्दलचा माझा आदर वाढला आहे आणि ती भिंत न पाहिल्याची हळहळ तेवढीच आहे, एकीने दुसरी कमी होत नाही.

आता पौषातली अष्टमी आम्ही पाहून ठेवली आहे. उन्हाळा जवळ आला की वायव्येचा वारा लवकर आणि जोरात सुरू होतो, तोच जो एप्रिल-मेच्या संध्याकाळी घाट चढून पुण्यापर्यंत येतो आणि आपल्याला गच्चीवर बरे वाटते. म्हणून हेच महिने. मकरंदनेच नवा बेत मांडला. परतीची वेळ साडेनऊच राहील, ती हलवायची नाही. हलवायची ती निघण्याची जागा. अंजर्ल्याऐवजी पाजपंढरीच्या पुळणीवरून सुरुवात केली तर जाता-येता बरेच अंतर वाचते, फक्त तिथे बोटींची वर्दळ असते, तेव्हा आदल्या संध्याकाळी जाऊन गावातल्या मंडळींना विचारावे लागेल की पहाटे कोणत्या बाजूने निघालो तर त्यांच्या जाळ्यांना आणि बोटींना अडचण होणार नाही. ते विचारायचे काम मी घेतले आहे. अनघाने सुकाणूची दोरी बदलून घेतली आहे.